फ्रिज विकताना

आठ स्पीकर, प्रत्येकी दहा इंच,
वजन बासष्ट किलो, खाली दोन चाकं,
त्यातलं एक दोन हजार सहापासून बेपत्ता.
आम्ही त्याला फ्रिज म्हणायचो.
ट्रेऑर्कीच्या रग्बी क्लबात एका आजीबाईंनी
खरोखरच त्यावर पुडिंगचा वाडगा आणून ठेवला
आणि माझ्या पहिल्या सुराला
जेली थरथरली.
त्या रात्री मला मिळालेली दाद तेवढीच.

बास वाजवायला काय काय लागतं, विचारलंस नेस्टा, तर ऐक:
आधी मणके.
मग व्हॅन, किंवा व्हॅनवाला ड्रमर.
आमचा गेथिन तसा. तालाला जरा घाई,
पण डिझेलचे पैसे मागायची त्याला घाई नसे.
काळी चिकटपट्टी. जास्तीचा फ्यूज.
कानात घालायचे बोळे, जे मी कधी घातले नाहीत,
म्हणून तू जरा इकडच्या बाजूला येऊन बोल.

तारा महाग.
नव्या घेण्याऐवजी मी जुन्याच उकळायचो
दहा मिनिटं, बटाट्याच्या पातेल्यात.
आयरवेन म्हणायची, दाबून बघ, शिजल्या का.
पाण्यावर तवंग यायचा:
वीस लग्नं, दोन निवृत्तिसमारंभ,
कुणाच्या तरी पन्नाशीचा घाम.
पुसून चढवल्या की तीन कार्यक्रम खणखणीत,
चौथ्याला येरे माझ्या मागल्या.

पैशांचं विचारू नकोस.
बरं, विचार.
एकशे ऐंशी पौंड भागिले चार,
वजा डिझेल,
वजा रात्री एक वाजता पेट्रोलपंपावरचं गारढोण सँडविच,
वजा इफोरचा ॲम्प्लिफायर, जो दर मार्चमध्ये मरायचा.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
आणि ती कोंबडी जिन्यावरून चढवायची आमची आम्हीच.

जिने!
लिफ्ट असते, नाही असं नाही,
पण तिची किल्ली ज्याच्याकडे
तो सुट्टीवर तेनेरिफला.

आता नवा ॲम्प घेतलाय, जेवणाच्या डब्याएवढा.
एका हातात मावतो.
आवाज तेवढाच, म्हणतात.
म्हणतात.
पण विजारीचे पाय हलत नाहीत.

मग तू आलीस, दीडशे पौंड चुरगळलेल्या नोटांत,
सोबत भाऊ, जो फुंकरीनं उडेल.
राहतेस कुठे, विचारलं.
ॲबरडेअरला. चौथा मजला.
मी हसलो.
मग आत जाऊन बूट घातले.

चाकं खाली, कणा सरळ,
वळणावर आधी त्याला वळू द्यायचं, मग आपण.
दुसऱ्या मजल्यावर टेकलो तेव्हा
एका शेजाऱ्यानं दार किलकिलं केलं,
आधी तुझ्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे,
आणि त्याच्या चेहऱ्यावर
पुढची चार वर्षं मला स्पष्ट दिसली.

वर पोचल्यावर तू गिटार दाखवलीस.
वरच्या तारेवर, सहाव्या फ्रेटला
सूर उमटतो न उमटतो तोच विझतो.
दुकानदारानं फसवलं का, म्हणालीस.
नाही गं, लाकूड आहे, कुठेतरी गिळणारच.
माझीही तिथेच गिळते.
तो सूर खालच्या तारेवर घे,
आणि गायिकेला यातलं काही सांगू नकोस.

चहा नको म्हटलं. पाठ बोलायला लागली होती.
तळाशी पोचून लोखंडी कठडा धरून उभा राहिलो, दम खात.
ऐकू काहीच आलं नाही,
पण कठडा हाताखाली गुरगुरला,
एकदा, थांबून पुन्हा,
मग बराच वेळ.

जाड तार किंचित उतरलेली होती, तळव्याला कळलं.
सांगायला हवं होतं.
पण परत चार मजले?
गेथिननं हॉर्न दिला.
येईल तिचं तिला.