स्वयंसेवन

बिल्ल्यावर तीन ओळी होत्या.
वर कानडी, ठसठशीत,
मधे इंग्रजी,
खाली मराठी, मुंगीच्या पायाएवढी:
'स्वयंसेवन'.

क च्या जागी न.
एकतीस वर्षं वह्यांत हेच शोधलं तांबड्या पेनानं,
म्हणून मला दिसलं.
बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.
संयोजक बसवप्रभू माझाच विद्यार्थी, चौथी ब,
म्हणाला, "जाऊ द्या की वो टीचर,
दोन दिवसांचं काम. कोण वाचूलालंय?"

मला बादली मिळाली.
द्राक्षारसाच्या टेबलाशी, उजव्या कोपऱ्यात,
स्टीलची, लग्नात वरण वाढतात तसली.
जाणकार यायचे,
पेला तिरका करून दिव्याला दाखवायचे,
नाक खुपसायचे,
घोट गालात घोळवायचे
आणि बादलीत थुंकायचे.
भरली की तंबूमागच्या गटारीत ओतायची.
मग पुन्हा रिकामी घेऊन उभं राहायचं,
चेहऱ्यावर स्वागत.

आमच्या आईनं ताटात शीत ठेवू दिलं नाही.
तिनं आधी विचारलं असतं, केवढ्याला बाटली?
मी विचारलं.
त्यानंतर बादली जड लागायला लागली.

बर्फ आणायला इरफान नदाफ, इंजिनिअरिंगचा पोरगा.
"मॅडम, मी वाससुद्धा घेत नाही, फक्त गार करतो," म्हणायचा
आणि दर फेरीला समोरच्या स्टॉलवरून
कुंद्याचा खडा आणायचा, पानात, माझ्यासाठी एक.
समोर कडोलकर मावशींचं उपडं खापर तापलेलं,
हातावर मांडा झुलायचा, झुलत पातळ व्हायचा,
पलीकडचा धूर दिसेल इतका.
गिऱ्हाइकांशी मावशी मराठीत भांडायच्या,
मांडे मात्र मोजायच्या कानडीत: वंदु, यरडु, मूरु,
म्हणे त्यात चूक होत नाही.

रात्री साडेनऊला अथणीचा टेम्पो आला पेट्या न्यायला.
सोबत मल्लव्वा, मळ्यावरची,
रिकाम्या बाटल्या मोजून घ्यायला.
बादलीत डोकावून म्हणाली, "इदेनु?"
मी हातानं थुंकायची खूण केली.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे,
मग उशिरापर्यंत
स्वतःच्या बोटांकडे,
कात्रीनं घट्टे पडलेल्या.

एका बाटलीच्या तळाशी दोन बोटं उरली होती.
इरफान पाठ करून बर्फ फोडत राहिला, मुद्दाम.
मल्लव्वा पेटीवर बसली,
चहा प्यावा तशी फुंकर घातली तिनं
आणि गिळलं.
"हुळी," म्हणाली.
मला कानडी बेताचंच,
पण तिचा डावा डोळा मिटला, गाल आत गेले,
एवढ्यानं चिंचसुद्धा कळली असती.
"दाक्षी शीहि इत्तु," द्राक्षं गोड होती,
हे तिनं दोनदा सांगितलं,
जणू चूक तोडणाऱ्यांच्या माथी यायला नको.
आणि पेला पुन्हा पुढे केला.

मग मीही घेतला.
साठाव्या वर्षी, पहिला.
आंबट, तुरट,
आणि मागाहून पावडरच्या डब्यासारखा कसलातरी वास.
थुंकायची सोय शेजारीच होती.
नाही थुंकले.
घरी गेल्यावर दुरुस्त करू म्हणून
पर्समध्ये ठेवलेलं तांबडं पेन हाताला लागलं,
बिल्ल्याकडे पाहिलं.
न तसाच राहू दिला.

शेवटची बस.
बायकांना तिकीट नाही, कार्ड दाखवायचं.
कंडक्टरनं विचारलं, "यल्लिगे?"
वडगाव म्हणायला तोंड उघडणार तोच
वास आठवला,
शेजारच्या सीटवर शाळेतली शिपाई यमुना.
ओठ घट्ट मिटून
कार्डावरच्या पत्त्यात कानडी अक्षरांतल्या वडगाववर बोट ठेवलं.
तो पुटपुटला, "बायि इल्लेन्री?"
तोंड नाही काय.
त्याला वाटलं असणार, ही त्यातली,
मुद्दाम कानडी न बोलणारी.

बोलले असते की.
मूरु, ऐदु, हुळी,
जे काय येतं ते सगळं बोलले असते.
खिडकी उघडी करून
मी वडगावपर्यंत नाकानं श्वास घेत राहिले.