नो सिर्वे

बारिलोचेत जुलै म्हणजे ऐन थंडी.
तळ्यावरचा वारा प्रयोगशाळेच्या दाराला खांदा लावून उभा,
आणि आत मालेना अन्काटेन
चुंबकाच्या दोन जबड्यांमध्ये
नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा उतरवते,
तान्ह्याच्या कानात तेल सोडावं तशी, श्वास धरून.

तुकड्यावर लोखंड-निकेलचा थर, शंभर नॅनोमीटर.
पाकीट सापडलं खालच्या खणात, सव्वीस वर्षांपूर्वीचं.
वर एलिसेओचं तिरकं अक्षर: नो सिर्वे.
कामाचा नाही.

मायक्रोवेव्हचा सूर ठरलेला, तो हलत नाही.
वाढवायचं ते क्षेत्र, चिमूट चिमूट.
थरातले अणू आपापल्या जागी
भोवऱ्यासारखे डुलत असतात,
क्षेत्र वाढलं की त्यांची लय चढते,
आणि एका आकड्यावर
बाहेरचा सूर त्या लयीला बरोबर सापडतो.
तुकडा घटाघटा ऊर्जा पितो.
पडद्यावर रेघ चढते, कोसळते, पुन्हा सपाट.
झालं. बहुतेक वेळा उत्तर एवढंच.

आज मात्र मोठ्या रेघेच्या अलीकडे,
जवळपास तीनशे ओर्स्टेड आधी,
एक इवलासा उंचवटा.
केबल हलवली. होताच.
तुकडा पुसला, पुन्हा बसवला. होताच.
हातातला माते गार झाला,
तो तिथेच, आगाऊ पाहुण्यासारखा.

एलिसेओ आता डोंगरापलीकडे मधमाश्या पाळतो,
फोनवर ओरडून बोलतो.
“कुठला? हां, तो! त्या रात्री पंप गळत होता.
हवा शिरली, वरचा थर गंजला.
फेकायचा राहून गेला बघ.”

म्हणजे गंजाने वरची कड धरून ठेवली,
खालची मोकळी.
खुंटीला बांधलेल्या दोरीला झटका द्यावा
तशी थराच्या जाडीतून लाट उभी राहिली.
कड कुठे अडकलीच नसती
तर सगळे एका तालात डुलले असते,
आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला
किती घट्ट धरलंय
हे आम्हाला कोणी सांगितलं असतं?

तिने आकडेमोड केली, दोनदा.
पाकिटावरची अक्षरं खोडली नाहीत.
खाली पेन्सिलने तारीख घातली,
आणि तो उंचवट्याचा आकडा.

“पंप बदलला का गं शेवटी?”
मागे तो खोकत होता, सकाळपासून.
“नाही,” ती म्हणाली.
पलीकडे बराच वेळ फक्त हसू.