ठासणीची

गजबार मेस्त्रीने फळीवर तीन बंदुका मांडल्या,
बाजारात बांगडे मांडतात तशा, शेपट्या एका रांगेत.
'खंयची व्हयी?' म्हणाला.
मी म्हटलं, माझी बाग रेडीत आहे
आणि थोडी तेरेखोलात.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला.
सावंतवाडीच्या त्या दुकानात चाळीस वर्षं
लोक जड-हलकी विचारत आले,
लांब-आखूड विचारत आले.
कोणत्या राज्यात चालेल, असं विचारणारी मी पहिलीच.

काय करू, मेस्त्री.
बाबांनी काजू लावले तेव्हा
जिथे कोंब धरेल ती आपली जमीन, एवढंच त्यांना ठाऊक.
मोजणीवाला नंतर आला
आणि गडग्याच्या अलीकडे सातबारा झाला,
पलीकडे एक-चौदा.
एकशे बारा झाडं इकडे, एकेचाळीस तिकडे,
एक तर असं की
बुंधा महाराष्ट्रात, बोंडू गोव्यात पडतात.

परवाना बाबांच्या नावावर होता, आता माझ्या.
शेतीसंरक्षण, एकनळी, ठासणीची.
खाली शिक्का: हद्द, जिल्हा सिंधुदुर्ग.
पेडण्याच्या कचेरीतली बाई चांगली होती,
पंखा माझ्याकडे वळवला,
मग म्हणाली, आमचो कायदो वेगळो,
हांगा ती हाडपाची न्हय.
इकडे निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा,
तिकडे लागली तरी शेजारधर्म म्हणून जमा.
गुलाल त्यांचा, दिवाळी डुकरांची.
वनखात्याचा कागद आणखी निराळा:
आधी अर्ज,
अर्जात लिहायचं, डुक्कर कुठल्या गटात आहे.
आत्ता, या घटकेला,
ते मी कसं लिहू?

गजबार हसला नाही.
'ही लांब. पल्लो बरो,
पण छर्रो थंय जावन पडतलो.'
दुसरी पितळी पट्टीची. 'हिचो घोडो आपणच पडता.'
तिसरी आखूड, काळी,
दस्त्यावर बारीक दातांच्या खुणा.
कुत्र्याचे?
'न्हय. आदल्या मालकाच्या झिलाक दात येय होते.'

ती घेतली.
परवान्यावर तिचा नंबर चढायला अकरा आठवडे लागले.
तोवर बोंडू पिकले, मांगराच्या कौलांपर्यंत
आंबूस वास चढला.
मी खाटेवर बसून ठासायला शिकले:
आधी दारू, मग काथ्याचा बोळा, सळईने दाबायचा,
मग छर्रे, पुन्हा काथ्या, शेवटी टोपी.
एवढ्यात माणसाचा राग दोनदा निवतो.

तो आला. एकटा, म्हातारा, एक सुळा तुटलेला.
आदल्या रात्री सुरणाचा वाफा
यानेच नांगरला होता.
गडग्याचे चिरे ढासळलेत तिथे उभा राहिला,
पुढचे पाय तिकडे, मागचे इकडे,
आणि बोंडू खात राहिला, बिया बाजूला टाकत,
माझ्या गडीमाणसांपेक्षा नेटका.

कुठल्या कलमाखाली मारू याला?
तोंडाचा अर्ज पेडण्याला
आणि शेपटीचा वेंगुर्ल्याला?

मी दारू भरली. काथ्या दाबला.
छर्ऱ्यांची पिशवी मांडीवरच राहिली.

बार आभाळात गेला.
डुक्कर गेला, कुठल्या बाजूला ते पाहिलं नाही.
धूर मात्र जमिनीलगत रेंगाळला,
मग खाडीवरच्या वाऱ्याने उचलला,
गडगा ओलांडून सावकाश पलीकडे शिरला.
तेरेखोलाच्या अंगाने कुणीतरी ओरडलं,
'कोण रे थंय?'

मी ओ दिली नाही.
सळई पुसली. कानात अजून शिट्टी वाजत होती.
उद्या ती ठाण्यात जमा करायची आहे,
पोटनिवडणूक लागली आहे,
इकडची की तिकडची
ते नोटिशीवर नीट उमटलेलं नाही.