मऊ बोल्ट

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, मे महिन्यात,
पत्र्याखाली चव्वेचाळीस डिग्री,
आणि शेडमध्ये उभं होतं बर्फ फेकायचं यंत्र.

हवालदार लिंबाजी कोकरे यांनी ते लिलावात घेतलं.
अठरा वर्षं डोंगरातले रस्ते मोकळे केल्यावर
माणूस काहीतरी घेऊन येतोच घरी.
कोणी अक्रोड आणतं, कोणी शाल.
यांनी हे आणलं. ट्रॅक्टरमागं जोडायचं,
सव्वापाच फुटी जबडा, आत मळसूत्री पातं,
वर बदकाच्या मानेसारखं धुराडं.

"कारखान्यावर चिपाडाचा भुसा हलवायचाय," म्हणाले.
मल्लय्यामामांनी चष्मा कपाळावर नेला.
चाळीस वर्षं यंत्रमागांचे जॉबर. बर्फ त्यांनी पाहिला होता,
सात रस्त्याला, गोळ्याच्या गाडीवर.

"कसा असतो ओ, पडलेला?"
"पहिल्या दिवशी पिठासारखा. मग उन्हानं ओला,
मग रात्रीत दगड."
मामांनी वहीत फक्त 'ओला' लिहून घेतलं.
भुसाही ओलाच चिकटतो.

गिअरबॉक्स खोलला. तेल पाण्यागत,
थंडीत गोठू नये म्हणून भरलेलं;
इथं ते सीलमधून घामासारखं बाहेर आलं असतं.
एकशेचाळीस नंबरचं ओतलं. सीलं बदलली.
बेअरिंगच्या खोबणीत जुनं काळं ग्रीस,
आणि त्यात देवदाराची एक सुई.
ती मी व्हर्निअरच्या डबीत ठेवली.
का, विचारू नका.

धुराडं आतून घासलं, गंज काढला,
तरी पहिल्याच चाचणीला भुसा अडकला
कोरड्या भाकरीचा घास अडकावा तसा.
मामा घरी गेले, पोतं घेऊन आले:
मागांचे जुने पिकर, नायलॉनचे,
धोट्याला थापडा मारमारून गुळगुळीत झालेले.
"पूर्वी कातड्याचे असायचे. शेडभर वास."
छत्तीस चकत्या काढल्या आम्ही
आणि माशाच्या खवल्यागत, एकावर एक चढवून,
आत रिव्हेट मारले.

मान फिरवायला हाताचा दांडा होता.
तिथं एसटीच्या भंगारातली वायपरची मोटर बसवली.
हवालदार बटण दाबत राहिले, डावीकडं, उजवीकडं.
"बोटं बधिर व्हायची," म्हणाले, "तिकडं पाहिजे होती ही."

आणि बोल्ट.
पात्याच्या शाफ्टला दोन, मुद्दाम मऊ,
गळ्याशी खाच पाडलेले.
दगड आला की आधी यांनी तुटायचं.
मी नवा, अक्कल जास्त,
दोन्ही काढून हाय टेन्साइल ठोकले.
दुसऱ्या चाचणीला भुशात साखळीचा तुकडा निघाला.
बोल्ट शाबूत.
आतल्या चाकाचे सात दात ट्रेमध्ये.
मामा तेलुगूत काहीतरी म्हणाले,
मला कळलं नाही, पण कळलं.

ते चाक मलाच कापायला लावलं, गनमेटलचं,
अकरा दिवस.
मग साध्या लोखंडाचे वीस बोल्ट.
खाच पाडताना एकेक थांबून बघायचो,
अजून किती कमजोर करू याला,
की चालताना टिकेल आणि अडल्यावर नाही.

तिसरी चाचणी कारखान्याच्या आवारात,
हंगाम संपलेला, गव्हाणी रिकामी.
पीटीओ पाचशेचाळीसवर गेला
आणि भुसा उठला, चाळीस फूट, कमानीत,
आणि वारा फिरला.
सगळा आमच्याच अंगावर.
हवालदारांच्या मिशीवर, टोपीवर,
मामांच्या कपाळावरल्या चष्म्यावर.

हवालदार हलले नाहीत.
"असाच का ओ?" मामांनी विचारलं.
"छे," ते म्हणाले, मान खाजवत. "तो खाजत नाही."

मग वाकून त्यांनी बोल्ट चाचपले. एक तुटलेला.
"बरा तुटला," म्हणत खिशातनं
चहापत्तीची डबी काढली, त्यातला दुसरा लावला.

बिलाचे चार हजार अजून यायचेत.
सुई डबीतच आहे. परवा मापली:
एकतीस पॉइंट चार मिलिमीटर.