रकाना सातवा

मनिलाहून आलेला फॉर्म सोळा पानी.
प्रत्येक संचालकाने भरायचा, नोटरीसमोर.
सातवा रकाना: आपणांस पूर्वी कधी
कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?
असल्यास तपशील.
तपशिलाला जागा दीड ओळ.

सेबेरिना समोर बसून सुकट निवडते आहे.
"लिही," म्हणते, "हो."
नजर सुकटीवरून हलत नाही.

दीड ओळीत काय काय बसवू?
पालोमपोनचं कोर्ट, एकोणीस महिने,
दामायानच्या डब्यातले अकरा हजार पेसो,
जे माझ्या बापाच्या शवपेटीचे होते.
बाप दोन दिवस बर्फावर राहिला,
मासळीच्या बर्फावर, दुसरा नव्हता.
मी नऊ वर्षांचा. बर्फ फोडायला मीच होतो.

सुटून आली तेव्हा तिला कुणी बाक दिला नाही.
उभ्यानेच म्हणाली,
डब्याला तीन कुलपं लावा, किल्ल्या तीन घरांत ठेवा,
माझ्याकडे एकही नको.
दर शनिवारी पैसे चर्चच्या पायरीवर मोजा, मोठ्याने,
पोरांसमोर. पोरं चूक सोडत नाहीत.
हात आत कसा जातो ते मला ठाऊक आहे.

पुढे बाक मिळाला. काही वर्षांनी वही मिळाली.
एकशे सहा मयती त्या वहीत आहेत,
आणि ते एक वादळ,
ज्यात तिने डबा तसाच कुलूपबंद
पाठीला बांधून टेकडीवर नेला.
सकाळी तीन किल्लीवाल्यांपैकी दोघे उरले नव्हते.
कुलपं छिन्नीने तोडली. पैसे मोजले. मोठ्याने.
पुरते होते.

नियम चुकीचा नाही.
हे मी म्हणतो आहे, ज्याने बर्फ फोडला.
ज्याने कुणी तो लिहिला
त्याच्या टेबलावर अशाच एखाद्या पोराचा अर्ज
पडलेला असेल.
नियम माझ्या बापाच्या बाजूने उभा आहे
आणि मला त्याच्या शेजारी जाऊन उभं राहता येत नाही.

"हो" लिहिलं.
दीड ओळ संपली तेव्हा समासात शिरलो,
जिथे छापलंय, येथे काही लिहू नये.

"अक्षर बारीक काढ," सेबेरिना म्हणाली,
आणि सुकटीतला खडा बाजूला ठेवला.
"पण आधी माझ्या जागी कोण ते ठरवा.
ज्याला पैशाची नड नाही, असा बघा."
थोडं थांबून,
"नाही. ज्याला नड आहे
आणि जो ती बोलून दाखवतो, असा."