चावी

शाळेच्या शिक्क्याचं पत्र आलं:
'यशस्वी करिअर' या विषयावर मुलांना मार्गदर्शन करावे.
नाव माझंच, ब. ज्ञा. तोडकर,
पण 'आदरणीय' इतक्या ठळक शाईत
की तिथंच कळलं,
हे त्या दुसऱ्या तोडकरांना, जलअभियंत्यांना.
ते असतात आता मुलाकडं, पुण्याला.

तरी गेलो.
शर्ट इस्त्रीचा, चप्पल तीच, करकरणारी.

आधी एक डॉक्टर बोलले.
पडद्यावर आलेख, सगळे वर चढणारे.
मग बाईंनी माझं नाव घेतलं
त्यांच्या हुद्द्यासकट.

म्हटलं, पोरांनो, मी इंजिनिअर न्हाई.
चावीवाला.
चौतीस वर्षं पहाटे साडेतीनला
मंगळवार पेठ, मग खासबाग, मग चढावरची गल्ली.
खड्ड्यात वाकून
छातीएवढी लोखंडी चावी फिरवायची,
सोडताना बावीस आटे, बंद करताना बावीस.
एक जरी चुकला
तर वरच्या घरातला नळ नुसता फुसफुसतो.

मागं कुणीतरी हसलं. हसू दे.

एवढ्या वर्षांत नाव कुणी विचारलं नाही.
विचारलं ते एकदाच,
महापुरात उपसापंप बुडाले तेव्हा.
अर्धं गाव पाण्यात आणि नळाला थेंब नाही.
सहाव्या दिवशी बायका दारात, रिकाम्या कळशा वाजवत:
"तोडकर कोन त्यो?"
आमच्या हिनं काही न बोलता
घरातली पालथी घागर आणून दाखवली.
संध्याकाळी टँकरच्या रांगेतून परतताना
त्यातलीच एक, सगळ्यात जास्त शिव्या दिलेली,
उंबऱ्यावर तांब्याभर ठेवून गेली.

एका पोरीनं हात वर केला:
"सर, मग यश म्हणजे काय?"
आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'सर' म्हटलं,
त्या नादात जे पाठ केलेलं ते गेलं.
विचारलं, सकाळी तोंड धुताना
कुणाची आठवण आली का गं तुला?
"नाही."
मग झालं की.

टाळ्या बेताच्याच. नारळ मिळाला,
पाकिटावर हुद्दा त्यांचाच.

घरी येताना मिरजकर तिकटीजवळ
व्हॉल्व्हच्या झाकणाशी ओल दिसली.
नवं पोरगं आटा कमी फिरवतंय.
चावी आता त्याची, आपण कशाला?
नारळ काखेत धरून
तरी वाकलो.