वजनाचा काटा

कोपरखैरण्यात, सेक्टर सातात, झेरॉक्सवाल्याच्या दोन मजले वर
माझी चार टीव्हींची खोली. तासाला साठ रुपये.
चपला बाहेर. शिव्या हळू, मधल्या मजल्यावर ट्यूशन चालते.

‘राख’चा दुसरा भाग आला त्या शुक्रवारी
रांग जिन्यावरून पानाच्या गादीपर्यंत गेली होती,
आणि रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीत दोन पक्ष पडले.

लोहारणीचा आवाज बदलला होता, ते पोरांनी एका दिवसात गिळलं.
जिथे पूल तुटायचा तिथे आता पिवळा बाण दिसतो,
त्यावर कुरकुर झाली, मिटली.
भांडण वजनाचं होतं.

पहिल्या ‘राख’मध्ये काटा होता, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात.
चिलखत चढवलं की सरकायचा,
दुसरी ढाल उचलली की लाल,
आणि मग आपला गडी लोळण घ्यायचा ती
घट्ट दही वाटीतून ओतावं तशी.
तोवर राक्षसाचा घण आलेला असायचा.
म्हणून जो तो दारापाशी थांबायचा,
पोतडी उघडून बसायचा,
काहीतरी जिवावर येऊन टाकायचा.

दुसऱ्या भागात काटाच नाही.
एकोणीस तलवारी घे, तीन चिलखतं घे,
मेलेल्या राजाची घंटा घे,
पळ.

“हा खेळ नाही, गोदाम आहे,” जतिन मढवी म्हणाला.
“काय सोडायचं ते ठरवणं, हेच तर खेळणं होतं.
त्या घंटेसाठी मी सगळी औषधं टाकली होती.
सहा वेळा मेलो. पण घंटा खाली आणली.”

सुयोग पानसकर आधी बोलला नाही.
मग कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाला,
“तुझ्या घरी भाडं येतं, जतिन.
माझ्या घरी बाप येतो, खांदा धरून.
बटाट्याच्या मार्केटात पन्नास किलोच्या पोत्याला
डाव्या कोपऱ्यात काटा नसतो.
इथे तरी मोकळं पळू दे की.”

खालून सतराचा पाढा वर आला.
मी साठ रुपयांचा माणूस, मला मत नसतं.

बुधवारी त्याचे वडील आले, घराची चावी मागायला.
तुर्भ्याहून थेट, पोत्यात रुतवायचा आकडा कमरेला तसाच.
जतिनने मुद्दाम टीव्ही त्यांच्याकडे वळवला.
“काका, बघा. याच्याकडे एकोणीस तलवारी आहेत.”
“दिसत नाहीत की.”
“आत आहेत.”
“मग हा खोटं चालतोय.”
त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
“ओझ्यानं आधी गुडघा बोलतो, मग मान.
श्वास सोडायचा तो पाय टेकताना.”
जतिनने पहिला भाग लावला. काटा लाल, गडी जड.
“हां. हा कुणीतरी उचलणारा माणूस बघून केलाय.”

जतिन निवडणूक जिंकल्यासारखा हसला.
पण ते अजून बघतच होते.
“याला मजुरी किती?”
कुणालाच सांगता येईना.
या खेळात सोनं मारण्याचं मिळतं,
वाहण्याचं नाही.
“मग टाक म्हणावं सगळं,” म्हणाले,
आणि चावी घेऊन उतरले.

ते वाक्य दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूला ओढलं.
अजून ओढतायत.

त्या रात्री सुयोग शेवटपर्यंत बसला, पहिला भाग लावून.
काटा लाल होईपर्यंत भरत गेला
आणि लढाई संपलेल्या एका गावातून
नुसता चालत राहिला.
चढावर थांबायचा.
प्रत्येक पावलाला अंगठा जरा सैल सोडायचा.

मी वहीत एक तास लिहिला. दोन झाले होते.
जतिनला कळलं तर म्हणेल,
तू पण काटा काढलास.